बॅग राहू दे ना तिकडंच!
विमानाच्या इंजिनातून धूर निघतोय, क्रू घसा फोडून ओरडतोय आणि हे महाशय वरच्या कप्प्यातली बॅग ओढत बसलेत! दरवेळी तेच, इमर्जन्सी लँडिंगचा व्हिडिओ आला की दारातल्या फुगणाऱ्या घसरगुंडीवरून बॅगा कवटाळून येणारे दिसणारच. अरे बाबांनो, निम्मेच दरवाजे वापरून 90 सेकंदांत विमान रिकामं होतं हे दाखवावं लागतं तेव्हा कुठं त्या मॉडेलला मान्यता मिळते, पण त्या टेस्टमध्ये कुणी बॅग काढत बसत नाही ना! आणि बॅगेच्या चाकाने ती घसरगुंडी फाटली तर मागच्यांनी काय उड्या मारायच्या? जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जळत्या विमानातून 379 जण बाहेर पडले, आठपैकी तीनच दरवाजे वापरून, सगळे जिवंत, बहुतेकांनी सामान तिथंच सोडलेलं. आणि ह्यांना चार्जर हवाय.