किती भेटते याचे?

सकाळपासून डोक्यात घोळतंय, म्हणून लिहून टाकते. लांबेल. घाईत असाल तर रात्री वाचा.

परवा मी इथं सांगितलं होतं की एका ट्रेल रनिंग शर्यतींच्या मालिकेची मी यंदा नागपूरकडून स्वयंसेवी ॲम्बॅसेडर झाले. तुम्ही सगळ्यांनी भरभरून लिहिलंत, आनंद झाला. आज ऑफिसला निघताना त्याच पोस्टखाली एक कॉमेंट दिसली. ओळखीतल्याच माणसाची. "किती भेटते याचे? का टी-शर्टावरच राबवून राहिले तुम्हाले?" त्याखाली तिघांचे हसरे चेहरे. त्या तिघांच्याही घरी मी चहा प्यायले आहे.

मी ती कॉमेंट उडवली. दुपारी डबा उघडला आणि वाटलं, उडवायला नको होती, उत्तर द्यायला हवं होतं.

तर ऐका. काही नाही भेटत. एका शर्यतीचा प्रवेश मोफत, दोन टी-शर्ट आणि एक कोड. तो कोड टाकला की नाव नोंदवणाऱ्याला फीमध्ये थोडी सूट मिळते, मला त्यातला एक रुपया येत नाही. बदल्यात मी वर्षभर नवीन लोकांना सरावाला नेणार, कोणते शूज, किती पाणी, रात्री काय खायचं या प्रश्नांना उत्तरं देणार, आणि मालिकेतल्या एका शर्यतीत स्वतः न धावता काम करणार. पाण्याच्या थांब्यावर किंवा स्वीपर म्हणून. मी स्वीपर मागितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रेल म्हणजे डांबरी रस्ता सोडून पायवाटेनं, मुरमातून, नाल्यातून, डोंगरावरून धावणं. आणि स्वीपर म्हणजे सगळ्यात शेवटच्या धावपटूच्या मागून येणारा माणूस. वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या रिबिनी तो सोडत येतो, पडलेला कचरा उचलतो, आणि जंगलात मागं कुणी राहिलं नाही याची खात्री करतो.

मी स्वीपर का मागितलं, ते सांगते.

२०१९चा फेब्रुवारी. माझी पहिली ट्रेल शर्यत, पंचवीस किलोमीटर, सातपुड्याच्या पायथ्याशी. त्याआधी मी नागपुरात रस्त्यावरच्या दोन हाफ मॅरेथॉन केल्या होत्या. वेस्ट हायकोर्ट रोड, अंबाझरी, फुटाळा, सगळं सपाट आणि ओळखीचं. एकवीस किलोमीटर पावणेतीन तासांत होतात तर पंचवीसला साडेतीन लागतील, असा माझा हिशेब. पायात रस्त्यावरचे गुळगुळीत तळाचे शूज, हातात अर्ध्या लिटरची एक बाटली. चढ धावत चढायचा नसतो, गुडघ्यावर हात टेकून लहान पावलांनी चालत चढायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. उतारावर टाच रोवली की मुरमावरून पाय सुटतो, हेही नाही. पहिल्याच उतारावर मी दोनदा बसले. अकराव्या किलोमीटरला माझ्या पुढं कुणी दिसेना. सागाची पानं झडून वाटभर पडलेली, पावलागणिक कर्र कर्र आवाज, आणि माझ्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नाही. मी रडायला लागले होते.

तेव्हा मागून आवाज आला, "मांगं पाहू नको बाई. मी हाये मांगं."

साठीच्या एक काकू. हातात सोडलेल्या रिबिनींचा हा एवढा गुंडाळा. त्यांनी मला घाई केली नाही, "बस झालं, गाडीत बस" असंही म्हटलं नाही. फक्त दहा-पंधरा पावलं मागं राहिल्या, शेवटपर्यंत.

मला टी-शर्टावर राबवून घेतात म्हणणाऱ्यांनो, त्या काकूंनाही कुणी पैसे दिले नव्हते.

एक कबूल करते. शर्यत भरवणारा त्यातून कमावतो. कमावतोच. आणि प्रवेश फी दिवसेंदिवस वाढत चालली आहे, ती मला पटत नाही, हे मी त्यांनाही तोंडावर सांगितलं आहे. पण म्हणून जंगलात शेवटी राहिलेल्या बाईच्या मागं चालणारा माणूस मूर्ख ठरतो का?

आणि हे विचारतं कोण, तर नागपूरचा माणूस! आपल्या शहरात! अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. १९५६पासून येताहेत. त्या दिवसांत रस्त्यारस्त्यावर भोजनदान, पाणी, औषधांचे स्टॉल लागतात. माझे बाबा दरवर्षी दोन दिवस सुट्टी टाकून उभे राहायचे. मोठे रांजण आणि स्टीलचे पेले. मी पेले विसळायला असायचे, आठ-नऊ वर्षांची. यवतमाळ, नांदेड, कुठून कुठून आलेल्या बाया यायच्या, पाणी प्यायच्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून पुढं जायच्या. रामनवमीच्या शोभायात्रेला हेच. सरबत वाटणाऱ्याला कुणी विचारतं का, किती भेटते याचे? विचारून तर पाहा.

आता कुणी म्हणेल, धर्माचं काम वेगळं आणि हौशी लोकांची शर्यत वेगळी. वेगळी आहे, मान्य. तहान मात्र तीच असते, आणि ती मी सतराव्या किलोमीटरला पाहिली आहे.

तेच सांगते आता, कारण ते आठवलं की आजही हात थरथरतात. सतराव्या किलोमीटरला पाण्याचा थांबा होता. नकाशावर होता. आम्ही पोचलो तेव्हा तिथं एक रिकामं खोकं आणि संत्र्याची सालं होती. गुंडाळून निघून गेले होते. शर्यतीची मुदत संपायला वेळ होता, माझं नाव यादीत होतं, मी आत आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी गेले! ऊन चढलेलं, माझी बाटली केव्हाची कोरडी. काकूंनी स्वतःची बाटली काढली, त्यात लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी. स्वतः एक घोट घेतला आणि बाकीचं मला दिलं. मग पिशवीतून तिळाचा लाडू काढला. "खा. अजून आठ आहे."

त्या आयोजकांचं नाव मी घेत नाही. पण हे मी विसरणार नाही.

मे २०२१मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या एका डोंगरी शर्यतीत अचानक हवामान फिरलं. गारा, पाऊस, सोसाट्याचा वारा, अंगावर पातळ कपडे. एकवीस धावपटू गारठून मेले. नवखे नव्हते, त्यांत देशातले नावाजलेले लोक होते. सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळं. शर्यतीशी त्याचा काही संबंध नव्हता. वादळ आलं म्हणून तो गुहेत थांबला होता, त्यानं माणसं आत ओढून घेतली, शेकोटी पेटवली. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. चकचकीत कमान, ड्रोन, डीजे, सगळं असतं, आणि डोंगरात शेवटी कोण असतं? एक मेंढपाळ. एक काकू.

म्हणून यंदा मला विचारणा झाली तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही. आधी फोन करून विचारलं. शेवटचा धावपटू जाईपर्यंत पाण्याचा थांबा उघडा राहतो का? स्वीपर किती, आणि त्यांच्याकडं वायरलेस असतो का, की नेटवर्क नसलेल्या जंगलात मोबाईलच्या भरवशावर सोडता? सुरुवातीच्या ठिकाणी बायकांसाठी संडास किती? (हसू नका. पहाटे पाच वाजता तीनशे माणसांत दोन संडास असले की बाई आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाही, आणि मग दहाव्या किलोमीटरला चक्कर येऊन पडते. मी पडताना पाहिली आहे.) कागदी पेले असतात का? नसतात, म्हणाले. प्रत्येकानं आपला पेला आणायचा. बाबांचे स्टीलचे पेले आठवले. तेव्हा हो म्हटलं.

आणि आता आपल्यातल्यांवरही थोडं बोलते, राग आला तरी चालेल. ॲम्बॅसेडर होऊन फक्त रील टाकणारे आहेत. महिन्यातून चार फोटो, शूजचा एक, घड्याळाचा एक, सूर्योदयाचे दोन, खाली कोड. रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सवर दिसत नाहीत, नवीन माणसाच्या मेसेजला उत्तर देत नाहीत, आणि ताकदीचं जेल खाऊन पाकीट वाटेवर टाकतात. रामटेकला गडाच्या मागच्या बाजूनं सरावाला जाते तेव्हा मी ती पाकिटं उचलते. तिथं माकडं आहेत हो, ती चाटत बसतात! अशांकडं पाहून कुणी "किती भेटते" विचारलं तर मी त्याला दोष देणार नाही. पण मग त्यांना विचारा, सगळ्यांना एका कासऱ्यानं बांधू नका.

जंगल काही आपलं मैदान नाही, हेही खरंच. आपण तिथं पाहुणे. तेवढं भान ठेवून जायचं, नाहीतर जाऊच नये.

चहा करून आले. आता जरा शांत झाले.

काकूंचं उरलेलं सांगते. आम्ही पाच तास बावन्न मिनिटांनी पोचलो. मुदत सहा तासांची. शर्यत संपते तिथल्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून ती जमिनीवर पसरली होती, दोन पोरं तिची घडी घालत होती. मेडलचं खोकं टेम्पोत चढलेलं. मी म्हटलं, राहू द्या काकू, नको मला. आणि काकू पहिल्यांदा माझ्या मागून पुढं आल्या. तेव्हा त्यांची पाठ दिसली. टी-शर्टावर मोठ्या अक्षरांत "ॲम्बॅसेडर". अकराव्या किलोमीटरपासून ती बाई माझ्या मागं होती, मला दिसणार कुठून! टेम्पोवाल्याला त्या एवढंच म्हणाल्या, "खोकं उतरव. आठ मिनिटं बाकी हायेत." त्यानं उतरवलं. मेडल काकूंनी स्वतः माझ्या गळ्यात घातलं. टाळ्या वाजवायला त्या आणि ती कमानीची घडी घालणारी दोन पोरं.

त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. अजूनही दिवाळीला फोन असतो. गुडघा दुखतो म्हणून आता धावत नाहीत. मी निवडले गेले हे सांगायला फोन केला तर पहिला प्रश्न, "स्वीपर मागितलं का?"

अमेरिकेत कॅलिफोर्नियात वेस्टर्न स्टेट्स नावाची शंभर मैलांची जुनी शर्यत आहे, मुदत तीस तास. तिथं शेवटच्या एका तासाला 'गोल्डन अवर' म्हणतात. पहिला येणारा केव्हाच येऊन गेलेला असतो, पण त्या तासाला लोक मुद्दाम मैदानावर परत येतात, रेंगाळत येणाऱ्यांसाठी ओरडतात. आणि तिथं धावणाऱ्यांपेक्षा राबणारे स्वयंसेवक कितीतरी पटींनी जास्त असतात. मी व्हिडिओ पाहिला तेव्हा मला आमची जमिनीवर पसरलेली कमान आठवली. विदर्भात असा एक तास का होऊ नये? आपल्याकडं माणसांची कमी आहे का? पोह्यांवर तर्री घालून देणारा एक जण उभा केला तरी अर्धं नागपूर थांबेल.

तर कॉमेंटवाल्या भाऊ, तुम्ही हे वाचत असालच. राग नाही आता. सकाळी होता. तुम्ही मागं एकदा म्हणाला होता की मुलगी ट्रेक करायचं म्हणते. पाठवा तिला. मी आहे.

खरं तर आज मला लिहायला बसवलं ते तुमच्या कॉमेंटनं नाही. दुपारी एक मेसेज आला. हिंगण्याकडची मुलगी, एमआयडीसीत कामाला, आपली ओळख नाही. "ताई, मी लय हळू हाओ. कधी पळली नाही. दहा किलोमीटरवालीत नाव टाकू का? शेवटची आली तं हसतील का?" एवढंच. तो मेसेज मी कितीदा वाचला असेल.

तिला जे लिहिलं तेच इथं टाकते, म्हणजे आणखी कुणाला यायचं असेल तर येता येईल.

फी आत्ता भरू नको, आधी चार रविवार माझ्यासोबत ये. या रविवारी पहाटे साडेपाचला, सेमिनरी हिल्सला जपानी गार्डनच्या गेटवर. नवीन शूज घेऊ नको, आहेत तेच घाल, फक्त नखं कापून ये. पाण्याची बाटली आणि घरचा एक पेला आण. चढावर आपण सगळ्या चालणार आहोत, मीसुद्धा. अंधारात एकटी येऊ नको, सीताबर्डीपर्यंत कुणी सोडत असेल तर तिथून मी गाडीवर घेते. तिळाचे लाडू मी आणते.