किल्ली खिशात, इंजिन जोशात

लोकांच्या जुन्या गाड्या बंद पडतात. माझी पडत नाही. पडणं सोडा, केली तरी होत नाही.

गाडी म्हणजे चाळिशी उलटलेली जर्मन डिझेल. एकदा घरी आलो, किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली, दार लावलं. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं, मागे कोणीतरी अजून बडबडतंय. खडखड, खडखड.

"अहो, गाडी चालूच ठेवलीत."

मी खिशातून किल्ली काढून दाखवली. बायकोने आधी किल्लीकडे, मग गाडीकडे आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. दोष कुणाचा, ते तिथेच ठरलं.

पेट्रोलवाल्यांचं बरं असतं, ठिणगी तोडली की विषय संपला. डिझेलला ठिणगीच नाही. सिलिंडरमधली हवा वीस-एकवीस पट दाबली की ती इतकी तापते की डिझेलचा फवारा आपसूक पेटतो. रुडॉल्फ डिझेलसाहेबांनी १८९७ मध्ये हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं आणि १९१३ मध्ये बोटीच्या प्रवासात ते रात्रीतून नाहीसे झाले. (बोटीवर कोणीतरी "बंद कसं करायचं?" असं विचारलं असावं, असा माझा आपला तर्क.)

तर डिझेल इंजिन थांबवायचं म्हणजे डिझेल तोडायचं. माझ्या गाडीत हे काम व्हॅक्यूमकडे, म्हणजे निर्वात पोकळीकडे आहे. इंजिनावरचा पंप हवा ओढत राहतो. किल्ली फिरवली की तिच्या मागचा व्हॉल्व्ह ती ओढ बारीक पाइपातून इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावरच्या डबीपर्यंत नेतो, डबीतला रबरी पडदा दांडी खेचतो, इंजिन थांबतं. थोडक्यात, ही गाडी बंद करायला 'काहीच नाही' लागतं, आणि माझ्याकडे नेमकं तेच संपलं होतं.

क्लच असता तर गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद पाडली असती. पण गाडी ऑटोमॅटिक. मग रोज बॉनेट उघडायचं, आत वाकायचं आणि 'स्टॉप' लिहिलेला लाल दांडा दाबायचा. एकदा माझ्या टायचं टोक फिरत्या पंख्याकडे फार आपुलकीने निघालेलं दिसलं. तेव्हापासून आधी टाय सोडतो, मग गाडी बंद करतो. डिझेल भरायला गेलो की पंपावरचा मुलगा म्हणायचा, "इंजिन बंद करा." मी उतरून टाय सोडायला लागलो की तो दोन पावलं मागे सरायचा.

मेस्त्री म्हणाले, "डबीचा पडदा गेलाय." डबी बदलली. खडखड तशीच. घरी जुन्या डबीला व्हॅक्यूमचा हातपंप लावला, तर काटा चढला तो हलेचना. चांगली होती बिचारी! शिवाय पडदा फाटला असता तर पंपातलं ऑइल पाइपात चढलं असतं, आणि पाइप तर कोरडा ठणठणीत. हे आधी बघायचं असतं, एवढं ज्ञान मला नवी डबी बसल्यावर झालं.

व्हॅक्यूम पंपावर संशय घ्यावा, तर ब्रेकची मदतही त्याच्याच जिवावर, आणि ब्रेक पहिल्यासारखा हलका. मग ओढ जाते कुठे?

तेव्हा आठवलं, दारांची कुलपंही याच व्हॅक्यूमवर चालतात. आणि मागच्या डाव्या दाराचं बटण दोन वर्षांपासून आपणहून खाली जात नव्हतं. आम्ही हात लांबवून ते दाबत होतो आणि त्याला गाडीचा स्वभाव म्हणत होतो. कुलपांकडे जाणारा पाइप काढला, मोकळ्या राहिलेल्या तोंडात स्क्रू कोंबला, किल्ली फिरवली. इंजिन जागच्या जागी गप्प. स्क्रू काढला, पाइप जोडला, पुन्हा खडखड. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि बंबाचे पैसेही देऊन झालेले.

दाराचं आतलं कव्हर उतरवलं. पाइपाच्या टोकाला करंगळीएवढा रबरी सांधा होता. बोट लावलं, तर त्याचा काळा भुगा तळहातावर उतरला. नवा सांधा चढवायला पाच मिनिटं लागली, कव्हरचे क्लिप परत बसवायला दीड तास.

संध्याकाळी ऐटीत गाडी लावली, किल्ली फिरवली. टप्प. शांतता. मी टाय न सोडता उतरलो.

वरच्या गॅलरीतून शेजारचे काका काळजीने ओरडले, "काय हो, बंद पडली वाटतं? धक्का मारायला येऊ का?"