चहा-बिस्किटानं पेट-सीटीत काय बिघडतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पेट-सीटी, म्हणजे कॅन्सर शरीरात कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन. त्याच्या तयारीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चिडून लिहिलंय, आणि ती चीड मला पटते. मधुमेही वडिलांना उपाशीपोटी पहाटेच्या गाडीनं घेऊन गेलात आणि शुगर 240 निघाली म्हणून सेंटरनं परत पाठवलं. तुमचे प्रश्न दोन: कोट्यवधींच्या मशीनला चहा-बिस्किटानं काय फरक पडतो? आणि कॅन्सरला साखर लागते म्हणता, तर मग साखरच का टोचता?

आधी दुसरा. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भरमसाट वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्गनं 1920च्या दशकातच दाखवलं होतं. टोचतात ते एफडीजी, म्हणजे किंचित बदललेलं ग्लुकोज, ज्याला किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेलं असतं. पेशी ते ग्लुकोज म्हणून आत घेते, पण पुढे वापरू शकत नाही, त्यामुळे ते आतच अडकून राहतं. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन भाराचा कण) जवळच्या इलेक्ट्रॉनवर आदळला की दोन गॅमा किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला सुटतात. मशीन नेमक्या त्या जोड्या टिपतं आणि जिथून त्या येतात ती जागा चित्रात चमकते. त्याच टेबलावर सीटी होतो, म्हणून ती चमक फुप्फुसात आहे की शेजारच्या बरगडीत, हे कळतं. टाउनसेंड आणि नट या संशोधकांचं पेट आणि सीटी एकत्र करणारं पहिलं जोडयंत्र 1998 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला सुरू होईपर्यंत डॉक्टरांना दोन वेगळ्या फिल्म शेजारी धरून अंदाज बांधावा लागे. टोचलेल्या एफडीजीचं वजन मायक्रोग्रॅममध्ये असतं. त्यानं गाठ पोसली जात नाही, ही भीती मनातून काढून टाका.

आता चहा-बिस्किट. खाल्लं की इन्सुलिन वाढतं आणि ते ग्लुकोजला स्नायूंमध्ये ढकलतं. एफडीजीही त्याच वाटेनं जातं. मग दंड-मांड्या उजळतात आणि गाठ फिकी पडते. रक्तात साखर जास्त असली तरी तेच नुकसान, कारण साधं ग्लुकोज एफडीजीची जागा अडवतं. म्हणून बहुतेक ठिकाणी 200च्या वर शुगर असली की थांबवतात. ऐनवेळी इन्सुलिन देऊन आकडा खाली आणला तर एफडीजी पुन्हा स्नायूंतच जातं. तुमच्या वडिलांना परत पाठवणं योग्यच होतं. पण आदल्या दिवशी फोन करून औषधांची चौकशी न करणं, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. वृद्ध माणसाची अशी फरफट टाळता येत होती. एफडीजीची किरणोत्सारिता दर 110 मिनिटांनी निम्मी होते, त्यामुळे चुकलेला डोस उद्यासाठी ठेवता येत नाही, हेही पेशंटला आधीच सांगायला हवं.

सुई टोचल्यानंतरचा तासभरही तितकाच महत्त्वाचा. पांघरूण देऊन शांत पडून राहायला सांगतात. गप्पा मारल्या तर स्वरयंत्राचे स्नायू चमकतात, च्युइंगम चघळलं तर जबड्याचे, थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी, म्हणजे ऊब तयार करणारी चरबी. मानेतल्या गाठी शोधताना ही चमक फसवते. आदल्या दिवशी जिम, ओझी उचलणं, लांबची पायपीट नको. साधं पाणी भरपूर चालतं. टेबलावर जाण्याआधी लघवी करून यायची, कारण एफडीजी मूत्राशयात साठतं.

आणखी एक. चमकलं ते सगळं कॅन्सर नव्हे. आपल्याकडे छातीतल्या टीबीच्या गाठीही जोरात चमकतात, त्यामुळे बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, टळत नाही. उलट प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर एफडीजीत नीट दिसतच नाहीत. तिथे पीएसएमए स्कॅन लागतो, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींवरचं पीएसएमए हे प्रथिन शोधणारा स्कॅन.

वडिलांची नवी तारीख घेताना सकाळची वेळ मागा. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) आणि इन्सुलिनचं काय करायचं, ते त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना आणि सेंटरला दोघांनाही विचारा. मनानं काही बंद करू नका. घरी लहान नातवंडं किंवा गरोदर सून असेल तर त्या दिवशी काही तास त्यांना वडिलांपासून लांब ठेवा. आणि पूर्वी टीबी झाला असेल तर ती जुनी फाइल बरोबर न्या, सुई टोचण्याआधीच डॉक्टरांच्या हातात द्या.