तुमच्या नोटिशीची तारीख बघा, साहेब

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. फोन वेळेवर उचलले गेले नाहीत, त्याबद्दल मनापासून माफी.

पण 'वर्षात निकाल लागला नाही की नोटीस रद्द होते, हे या एजंटला ठाऊकच नाही', हे तुम्ही चारचौघांत लिहिलंत. 22 वर्षं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे कस्टम्सचे फॉर्म, भरतोय मी. तुमची ड्युटी मागणारी कस्टम्सची नोटीस नोव्हेंबर 2017 ची. माहिती दडवल्याचा आरोप, म्हणून निकालाला सहा महिने नाही, वर्षाची मुदत, हे बरोबर. पण कस्टम्स कायद्याच्या कलम 28(9) मध्ये तेव्हा 'शक्य असेल तर' अशा अर्थाचे शब्द होते. ते 29 मार्च 2018 ला गेले. मुदत, आणि वरिष्ठांनी वाढवून दिलेली मुदतही, उलटली की नोटीस निघालीच नव्हती असं धरायचं, हे तेव्हापासून आलं. आधीच्या नोटिशींना जुनं कलमच लागू, हेही कायद्यातच लिहिलंय. चार महिन्यांनी हुकलो आपण. नोटिशीवर तारीख मी नव्हती घातली.

तेव्हा उरला हायकोर्टात घटनेच्या अनुच्छेद 226 खाली रिट अर्ज. तिथे न्याय मिळतो. पार्ले इंटरनॅशनलच्या 2006 च्या नोटिशींवर 13 वर्षांनी निघालेला आदेश मुंबई हायकोर्टाने 2020 मध्ये रद्द केला. प्रकरण एक्साइजचं, पण मुद्दा हाच. फाइल कॉल बुकात, म्हणजे तूर्त थांबवलेल्या प्रकरणांच्या यादीत, टाकल्याचं त्यांना कळवलंही नव्हतं. आपल्या रिटच्या वेळी सरकारी वकिलांनी काय काढलं? तारीख पुढे ढकला म्हणून दिलेली दोन पत्रं, 2018 आणि 2019 ची. लेटरहेड तुमचं, सही तुमची. एकदा घरचं लग्न (आहेर पोचला होता ना?), एकदा परदेशातलं प्रदर्शन. अधिकारपत्र द्या, मी हजर राहतो, असं म्हणालो होतो. त्यावर 'तुम्हाला काय बोलायचं ते कळणार नाही' हे तुमचं उत्तर अजून लक्षात आहे.

मार्च 2021 मध्ये कॅनन कंपनीच्या निकालात सुप्रीम कोर्टाने डीआरआयला (महसूल गुप्तचर खात्याला) अशी नोटीस काढायचा अधिकारच नाही म्हटलं आणि आपली फाइल कॉल बुकात गेली. 2022 ला मी स्वतः म्हटलं, रिट करू. तुम्ही म्हणालात, मधाच्या पोळ्यात हात कशाला घालायचा? नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, फाइल वर आली, तेव्हा रात्री साडेदहाला फोन केलात. तो मी उचलला होता. मग केलेल्या आपल्या रिटवर हायकोर्टाने नोटीस रद्द न करता 12 आठवड्यांत निकाल द्या एवढंच का सांगितलं, ते आता तुम्हीच ठरवा.

आणि 'पैसे उकळले' म्हणता, ती फी वकिलांची. आम्ही कस्टम ब्रोकर, हायकोर्टात उभे राहू शकत नाही. त्यातला रुपया माझ्याकडे आलेला नाही. असो. अडकलेल्या नोटिशींचं काय चाललंय ते यापुढे ग्राहकांना अधूनमधून कळवत जाऊ, तशी सोय करतोय.

सुनावणीचं पत्र काल आलं. उत्तराच्या मसुद्यावर तुमची सही हवी आहे, आणि मशीनचा मूळ कॅटलॉग, झेरॉक्स चालणार नाही. शनिवारी दोनपर्यंत ऑफिस उघडं असतं. स्वतः यायचं नसेल तर कुणाला तरी पाठवा. पण या वेळी तारीख पुढे मागू नका.