निवांत रंगवायचंय? आधी कूलरचं बघा

मन शांत करायला रोज पंधरा-वीस मिनिटं चित्रात रंग भरत बसावं, हा सल्ला ज्यानं पहिल्यांदा दिला तो महाबळेश्वरला राहत असणार. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ला टेकतो. वर पत्रे असतील तर घरात माणसाचाच रंग उतरतो, तिथं कागदावर चढवायचा कुठून? तरी मी या छंदाच्या बाजूचा आहे. फक्त हे औषधही नाही आणि कामही नाही, एवढं घरच्यांना आणि त्याआधी स्वतःला पटवण्यात जेवढी ताकद जाते, तेवढ्यात एक आख्खी भिंत रंगवून होईल.

पहिला शत्रू कूलर. दुपारी दोन ते चार हा घरातला खरा निवांत वेळ आणि नेमका तेव्हाच कूलर जोरात असतो. त्याची हवा ओल्या गवतातून येते. त्या झोतासमोर वही उघडली की दहा-पंधरा मिनिटांत कागद पापडासारखा सादळतो. सादळलेल्या कागदावर पेन्सिलीचा रंग बसत नाही, नुसती खाच पडते. स्केचपेनाची शाई रेषेबाहेर पसरते आणि खोडरबर फिरवलं की कागदाची सालपटं निघतात. आपल्याला वाटतं आपला हात बिघडला. हाताला काही झालेलं नसतं. झोताच्या आडबाजूला बसायचं, नाहीतर तेवढ्यापुरता पंप बंद करून नुसता पंखा ठेवायचा आणि गवत वाळेपर्यंत दम धरायचा. पंप बंद केल्यावर आतल्या खोलीतून जे काही ऐकू येतं, त्याची तयारी आपली आपण ठेवावी.

पंप बंद म्हणजे घाम आला. तळहाताखाली एक कोरा कागद ठेवून रंगवायचं. घाम आणि त्वचेचं तेल लागलेल्या जागी रंग नीट धरत नाही, शिवाय आधी भरलेला रंग मनगटाबरोबर फरफटत जातो. उजव्या हाताच्या माणसानं डावीकडून सुरुवात करावी, वरून खाली यावं. डावखुऱ्यांनी उलट. आणि खिडकीतून आलेला फुफाटा कागदावर बसला तर हातानं झटकू नये, मऊ ब्रशनं उडवावा. मातीचा एक कण पेन्सिलीच्या टोकाखाली सापडला की छान भरलेल्या निळ्या आभाळात असा ओरखडा उठतो की त्याची वीज करून टाकण्यावाचून गत्यंतर नसतं.

मेणखडू उन्हाळ्यात वापरू नयेत, या मतावर मी ठाम आहे. मेण वितळायला ५०-६० अंश लागतात, पण मऊ पडायला ते बरंच आधी सुरुवात करतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरलेली पेटी संध्याकाळी उघडली तर बारा रंगांची एकच वडी हाती येते. रंगीत पेन्सिलीतही मेण असतंच, पण ती लाकडात असल्यामुळे तग धरते. तिचा चमत्कार वेगळा. गडद रंग जाड भरला असेल तर काही दिवसांनी त्यावर पांढुरकी साय धरते. बुरशी आली म्हणून लोक पान फाडतात. पेन्सिलीतलं मेण वर आलेलं असतं ते. मऊ सुती फडक्यानं हलकेच पुसलं की जातं.

आता खरेदी. काउंटरवर रंगपेटी मागितली की दुकानदार विचारणारच, “लेकरू कितवीला हाय?” “माझ्यासाठीच पाहिजे,” असं खरं सांगितलं तर तो आधी आपल्याकडे आणि मग आपल्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघतो. “दुसरीला,” म्हणून सुटका करून घ्यावी तर तो कार्टून छापलेली, दोन दिवसांत टोकं मोडणारी पेटी पुढे सरकवतो. माझा सल्ला असा की खोटं बोलायचंच तर नेमकं बोलावं: “एलिमेंटरीला बसायलंय.” म्हणजे तो मागच्या फळीवरची बरी पेटी काढतो.

पेटी १२ची घ्यावी. ४८ची घेतली की निम्मा वेळ रंग निवडण्यात जातो आणि डोक्याला तोच ताप होतो, जो उतरवायला आपण बसलोय. घेताना पेन्सिली उलट्या करून मागची बाजू बघायची. रंगाचं शिस लाकडाच्या मधोमध हवं. ते एका कडेला सरकलेलं असेल तर टोक करताना एका बाजूला लाकूडच राहतं आणि शिस मोडतं. मग एकेक पेन्सिल काउंटरवर घरंगळू द्यायची. डुगडुगत गेली तर ती वाकलेली आहे. दुकानदार वैतागतो, पण साडी घेताना आपण सगळं दुकान खाली उतरवतो, तेव्हा नाही वैतागत.

शार्पनर पेटीसोबत फुकट आलेलं असतं आणि त्याची किंमतही तेवढीच असते. पात्याची धार गेली की ते लाकूड कापत नाही, ओरबाडतं, आणि आतल्या मऊ शिसाला पीळ बसतो. टोक मोडलं की पुन्हा फिरवायचं, पुन्हा मोडतं. अशी बोटभर पेन्सिल संपवून माणूस लाल रंगाला शिव्या देतो. नवं शार्पनर घ्या. तरीही मोडत असेल तर पेन्सिल कधीतरी फरशीवर पडली आहे. बाहेरून धडधाकट दिसते, आत शिसाचे तुकडे झालेले असतात. त्याला इलाज नाही. टोक जरासंच बोथट झालं असेल तर शार्पनर नकोच. हार्डवेअरच्या दुकानातल्या बारीक पॉलिश पेपरवर चार वेळा तिरकी फिरवली की काम होतं आणि पेन्सिल दुप्पट टिकते.

कागदाबाबत मात्र तडजोड नको. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तेवढा कागद जाड). त्यावर स्केचपेन मागच्या पानापर्यंत उतरतं आणि पेन्सिलीचा दुसरा थर गुळगुळीत होऊन घसरतो. किमान १२० जीएसएमचा ड्रॉइंग पेपर घ्यावा, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागणारा. त्या खरखरीतच रंग अडकतो. चकचकीत आर्ट पेपर लग्नपत्रिकेलाच ठेवा. चित्र मोबाइलवरून छापून घेणार असाल तर आपला जाड कागद घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जा आणि लेझर प्रिंट मागा. शाईच्या प्रिंटरवर काढलेल्या रेषेवरून स्केचपेन गेलं की काळी रेघ विरघळून पिवळ्या फुलात उतरते आणि सूर्यफुलाला काजळ घातल्यासारखं दिसतं.

खरं तर छापायचीही गरज नाही. ११ ते ६ ठिपक्यांची रांगोळी कुणाला येत नाही? मधल्या ओळीत ११, वर-खाली एकेक कमी करत ६ पर्यंत, एकूण ९१ ठिपके. दीड-दीड सेंटिमीटरवर टाकले तर सगळी आकृती पंधरा सेंटिमीटरच्या चौकोनात बसते, ए-फोर कागदावर आरामात. एचबी पेन्सिलीनं हलके ठिपके, मग जोडून फुलं-पाकळ्या, मग ठिपके खोडायचे. ज्याला रांगोळी येत नाही त्यानं पैठणीचा पदर समोर धरावा. मोर, कमळ, मुनिया पोपट, वेली, सगळे आकार बंदिस्त आणि पुन्हा पुन्हा येणारे. अशा आकृतीची एक सोय आहे. पुढे काय काढायचं हा प्रश्न ती विचारत नाही. २००५ साली अमेरिकेत ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांना आधी मुद्दाम अस्वस्थ केलं, मग काहींना मंडलाची, म्हणजे गोल नक्षीची आकृती दिली, काहींना चौकडीची आणि काहींना कोरा कागद. आकृती भरणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. आमच्याकडच्या बायका सडा टाकून रोज सकाळी हेच करत आल्यात. त्यांना कुणी विद्यापीठात बोलावलं नाही, “लवकर आटप, चहा ठेव,” एवढंच सांगितलं.

रंग भरणं म्हणजे दाबणं, ही शाळेतून आलेली खोड सगळ्यात उशिरा जाते. एक आंबा घेऊ, केशर, आपला मराठवाड्याचाच. सुपारीएवढा आकार असू द्या. आधी पिवळा, आणि हात इतका हलका की पेन्सिल कागदाला लागतेय की नाही अशी शंका यावी. छोटी-छोटी लंबगोल वळणं घेत भरायचं. सरळ रेघा ओढल्या तर पट्टे दिसतात. वरच्या अंगाला डाळीच्या दाण्याएवढी जागा कोरी सोडायची. ती चमक आहे आणि एकदा भरली की परत मिळत नाही, पांढऱ्या पेन्सिलीनंही नाही. दुसरा थरही पिवळाच, पण वळणं आडवी. मग देठाजवळ पोपटी, खाली येताना विरळ करत आणलेला. मधल्या पोटावर नारिंगी. इथं हात लाल पेन्सिलीकडे जातो. जाऊ देऊ नका, आंब्याचा टोमॅटो होतो. सावलीच्या बाजूला तपकिरी, अगदी फुंकर मारल्यासारखी. काळा अजिबात नाही. काळ्यानं सावली होत नाही, भोक पडतं. शेवटी पांढरी पेन्सिल थोडी जोरानं सगळ्यावरून फिरवायची, चमक सोडून. पांढरी पेटीत असते ती यासाठी. थर एकमेकांत मिसळतात आणि साल तुळतुळीत होते. मात्र त्यानंतर वर काही चढत नाही, कागदाचा खरखरीतपणा संपलेला असतो. या सगळ्याला बारा ते पंधरा मिनिटं लागतात. घाई केली तर तीन मिनिटांत लिंबू तयार होतं.

काळी माती रंगवायला काळी पेन्सिल घेऊन बसणारेही आहेत. रानात जाऊन नीट बघा. तपकिरीवर गडद निळ्याचा थर दिला की नांगरलेली ओली काळी मिळते. झाडांचा हिरवा प्लास्टिकसारखा दिसत असेल तर त्याच्याखाली पिवळा आणि सावलीत चिमूटभर लाल. बारा पेन्सिलींत एवढं सगळं भागतं. अजिंठ्याच्या लेण्यांत चितारणाऱ्यांकडे तरी काय होतं? तांबडी आणि पिवळी माती, काजळी, चुन्यासारखं पांढरं, हिरवी माती, आणि निळ्यासाठी थेट अफगाणिस्तानाकडून येणारा लाजवर्द दगड. तेवढ्यावर त्यांनी पद्मपाणी काढला, तोही डोंगराच्या पोटात, अपुऱ्या उजेडात. आपल्याला खिडकी आहे. ती वापरा. उजव्या हातानं रंगवत असाल तर उजेड डावीकडून यावा. रात्री पिवळ्या बल्बखाली पिवळा रंग भरणं म्हणजे अंधारात मीठ टाकणं; भरला की राहिला ते सकाळी कळतं.

आता माणसं. रंगवताना घरात कुणी आलं तर प्रश्न ठरलेले असतात. काका दारातूनच, “काय करायलास? लेकराच्या वहीत?” लातूरकडचे असतील तर पुढचा प्रश्न, “याचे मार्क मिळतात का?” चित्रकलेच्या शासकीय परीक्षेचे दहावीला गुण मिळतात, हे खरं आहे, पण पन्नाशीत नाही, हे सांगितल्यावर त्यांची जी निराशा होते ती बघवत नाही. गावाकडचा पाहुणा असेल तर त्याला यात लगेच उपयोग दिसतो: “हात बसलाय म्हन की! मंग पोळ्याला बैलाची शिंगं तूच रंगव.” यातून एक शिकावं की पूर्ण झालेलं चित्र कुणाला दाखवू नये. दाखवलं की ते फ्रेममध्ये जातं, फ्रेम झाली की ऑर्डर येते, आणि ऑर्डर आली की निवांतपणा गेला. भिंतीवर लावायचंच असेल तर स्केचपेनानं भरलेलं तर मुळीच लावू नका. आमच्या उन्हात गुलाबी आणि जांभळा सगळ्यात आधी उडतो आणि मोराचा पारवा होतो.

सवय लागण्यासाठी मोठा संकल्प करण्याऐवजी ती चहाला बांधावी. चारचा चहा झाला की कप बाजूला, डबा पुढे. डबा म्हणजे बिस्किटाचा रिकामा चपटा डबा: १२ पेन्सिली, शार्पनर, पॉलिश पेपरचा तुकडा, खोडरबर, फडकं. वही त्याच्याच खाली. हे सामान माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेलं की छंद संपला. स्टूल आणून चढण्याइतका शांततेचा शौक कुणालाच नसतो. मांडीवर वही घेऊन वाकून बसू नका, मान धरते. पाटाच्या मागच्या कडेखाली दोन जाड पुस्तकं घातली की उतार मिळतो. वेळ पंधरा मिनिटं, आणि एखादी पाकळी मुद्दाम अर्धी ठेवून उठायचं. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं याचा विचार करावा लागत नाही. पान संपवायचंच असा हट्ट धरणाऱ्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले असतात, बघा कधी.

अर्थात रंगात आल्यावर नळ येतो. आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्यापुढे आंब्याची काय कथा. हाक आली की उठायचंच. फक्त उठण्याआधी स्केचपेनांची टोपणं लावायची, टक् वाजेपर्यंत. पिंप, बादल्या, कळश्या, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून परत येईस्तोवर पाऊण तास जातो आणि तेवढ्या वेळात पंख्याखाली उघडं राहिलेलं स्केचपेन खडखडीत वाळतं. वाळलंच तर त्याचं टोक दोन-चार सेकंद पाण्यात बुडवून बघावं, थोडे दिवस चालतं. आणि तेवढं पाणी त्या दिवशी घरात असतंच.