‘प्रोब बदलला, दोष गेला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं असं: टर्बाइनच्या बेअरिंगवरच्या एडी करंट प्रोबचं (शाफ्टला न टेकता त्याचं अंतर मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग मधूनच उसळत होतं, तुम्ही थेट प्रोब बदलला आणि उसळी थांबली, मग ‘प्रोब सगळ्यात शेवटी बदला’ हा माझ्या लेखातला सल्ला म्हणजे नुसता वेळखाऊपणा.

उसळी थांबली हे मान्य. पण प्रोबच खराब होता, हे कशावरून? बदलताना तुम्ही कनेक्टर सोडवलात, पुसलात, नव्याने आवळलात, केबल हलवलीत, गॅपही (प्रोबचं टोक आणि शाफ्ट यांच्यातलं अंतर) पुन्हा लावलात. श्रेय मात्र एकट्या प्रोबला!

यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. प्रोब बदलून ‘दोष निवारण’ असा रिपोर्ट दिला आणि तीन आठवड्यांनी तीच उसळी. मग मशीन बंद असताना ड्रायव्हरच्या (प्रोबचा सिग्नल व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या डबीच्या) आउटपुटला मल्टिमीटर लावला. उणे ९.८ व्होल्ट, अगदी स्थिर. जंक्शन बॉक्समधला कनेक्टर बोटाने जरा हलवला, तर आकडा उणे १ पर्यंत आपटून परत आला. मिलिमीटरला ७.८७ व्होल्ट या हिशेबाने शाफ्ट १.१ मिमी सरकला म्हणायचा! बेअरिंगमधली फटच होती ०.२ मिमी. शाफ्ट जाईल कुठे? केबल तुटली किंवा शॉर्ट झाली की आउटपुट असं शून्याकडे पळतं. कनेक्टर उघडला तर आत तेल, आणि आटे जेमतेम दीड फेरा बसलेले.

जुना प्रोब अजून भंगारात गेला नसेल, तर त्याच केबल-ड्रायव्हरसह मायक्रोमीटरच्या जिगवर (अंतर मोजून बदलता येतं अशा चौकटीवर) लावून बघा. ४१४० प्रकारच्या स्टीलच्या टार्गेटसमोर दर ०.२५ मिमीला साधारण २ व्होल्टचा फरक पडत गेला, तर तो ठणठणीत आहे.

एक चूक मात्र तुम्ही बरोबर पकडलीत. ‘गॅप व्होल्टेज (म्हणजे ड्रायव्हरचं स्थिर आउटपुट) ठीक म्हणजे सेन्सर ठीक’ हे माझं वाक्य चुकीचंच होतं. शाफ्टवर ओरखडा असेल किंवा चुंबकत्व उरलं असेल, तर गॅप व्होल्टेज ठीक असूनही खोटं व्हायब्रेशन दिसतं. ते स्लो रोलला, म्हणजे शाफ्ट अगदी हळू फिरवून, तपासावं लागतं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता खरी काळजीची गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: ‘जादा एक्स्टेंशन केबल (प्रोबपासून ड्रायव्हरपर्यंतची) कापून आटोपशीर केली.’ अहो, ड्रायव्हर प्रोब आणि केबलच्या एकूण लांबीला जुळवलेला असतो! ५ मीटरची सिस्टीम म्हणजे १ मीटरचा प्रोब असेल तर ४ मीटरची केबलच हवी. कापलेल्या केबलवर रीडिंग उसळणार नाही, शांतपणे चुकीचं येत राहील. उसळणारं रीडिंग निदान संशय तरी आणतं. ती केबल आधी बदला. उरलेली लांबी गुंडाळून बॉक्समध्ये बांधून ठेवायची असते.

ड्रायव्हरवर किती मीटर छापलंय आणि किती केबल कापलीत, एवढं कळवा.