दया इंट्रोव्हर्ट आहे का?

परवा ऑफिसात सगळ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी झाली. 'पार्टीत तुम्ही कोपऱ्यात उभे राहता का?' असले प्रश्न. पार्टी कोणाची, कोपऱ्यात खायला काय ठेवलंय, काही पत्ता नाही. नुसतं हो किंवा नाही. माझ्या वाट्याला 'आय' आला. इंट्रोव्हर्ट.

मग सराव म्हणून ट्रेनर मॅडमनी पडद्यावर 'सीआयडी'चे एसीपी प्रद्युम्न आणले. या चाचणीत चार-चार अक्षरांचे सोळा प्रकार असतात. त्यांतला यांचा कुठला?

मागच्या रांगेत डुलक्या काढणारे अकाउंट्सचे साहेब ताडकन उठले. १९९८ ते २०१८ ही मालिका त्यांनी पारायण केल्यासारखी पाहिलीय. "ईएसटीजे! शिस्त, हुकूम, पुरावा. विषय संपला."

"पण सर, मृतदेह बघताच त्यांना गडबड कळते. बोटं फिरवत विचार करतात. म्हणजे पुराव्यावर चालणारा 'एस' नाही, इंट्यूशनचा 'एन'."

"मॅडम, तेवढ्यावर थांबतात का ते? डॉक्टर साळुंखेंच्या मानगुटीवर बसून रिपोर्ट मागतात. नुसत्या अंदाजावर भागलं असतं तर लॅबचा खर्च कशाला केला असता?" अकाउंट्सचा माणूस शेवटी खर्चावरच येणार.

मॅडमनी हार न मानता 'टी' की 'एफ', डोकं की मन, असं विचारलं. साहेबांचा आवाज कापरा झाला. "पोटच्या पोराला गोळी घातली हो त्यांनी! नकुल. कर्तव्यापुढे पोरगासुद्धा नाही." मॅडमनी मुकाट 'टी'वर खूण केली.

एवढ्यात मी, आपला बिचारा इंट्रोव्हर्ट, विचारून बसलो, "आणि दया?"

"पक्का इंट्रोव्हर्ट," साहेब म्हणाले. "बेल वाजवली की कोणीतरी दार उघडणार, या-बसा म्हणणार, चहा विचारणार. त्यापेक्षा दरवाजाच तोडला की बोलायची भानगड नाही."

इतकं पटणारं विश्लेषण त्या दिवसभरात दुसरं झालं नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं.

घरी येऊन मी जरा वाचलं. मानसतज्ज्ञ कार्ल युंगच्या १९२१च्या पुस्तकावरून ही चाचणी कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी रचली. दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. काही आठवड्यांनी हेच प्रश्न परत सोडवले तर बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. १९४८ साली फोरर नावाच्या प्राध्यापकाने तर विद्यार्थ्यांना 'खास तुमचं' म्हणून एकच वर्णन वाटलं, तेही भविष्याच्या पुस्तकातून उचललेलं. ते किती जुळतं, यासाठी पोरांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले! प्रद्युम्नांचं एक बरं आहे, त्यांचा स्वभाव लेखकाने ठरवलाय, उद्या बदलायचा तर तोच बदलेल. माझा कागद मात्र फाईलला लागला.

आणि लगेच फळही मिळालं. क्लायंटसमोरचं प्रेझेंटेशन माझ्याकडून काढून नव्या पोराला दिलं. "तुम्हाला चारचौघांत त्रास होतो ना, म्हणून," बॉस अगदी मायेने म्हणाले. त्रास? गेली कित्येक वर्षं मीच बोलतोय तिथे! तेव्हा कोणी विचारलं नाही, कोपऱ्यात उभं राहायचंय का म्हणून.

स्लाईड अजूनही मीच करतोय. आकड्यांवर कोणी अडवलं की तो पोरगा माझ्याकडे वळून बघणार. बघू दे. मी 'आय' आहे, चारचौघांत बोलत नाही.